योजना टिकणार का, हे ओळखायचं कसं?

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य टाकलं होतं, की उद्घाटनाचा फोटो प्रत्येक योजनेचा असतो, दहाव्या वर्षीचा फोटो कुणीच काढत नाही. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की रेशनकार्ड, सातबारा वगैरे नेहमीचे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत. सरकारी धोरण टिकाऊ आहे की नाही हे तपासतात कसं, एवढ्यावरच बोलू. नावं कुणाचीच छापत नाहीये, काहीजण नोकरीत आहेत आणि त्यांना नोकरीत राहायचंय.

प्रश्न : ताई, मी गंगापूर रोडला एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतोय. शाश्वततेच्या मूल्यमापनाच्या पद्धती म्हणून नोट्समधे अकरा नावं आहेत. ईआयए, एसईए, कॉस्ट बेनिफिट, मल्टी क्रायटेरिया, लाइफ सायकल वगैरे. पाठ होतात पण डोक्यात शिरत नाहीत. यातली बरोबर पद्धत कुठली?

उत्तर : पाठ कर, मार्क त्यालाच आहेत. पण समजून घ्यायचं असेल तर ही अकरा जणं वेगवेगळी नाहीत, तीन घरातली भावंडं आहेत.

पहिलं घर पर्यावरणवाल्यांचं. अमेरिकेत १ जानेवारी १९७० ला एका कायद्यावर सही झाली आणि तिथून ही रीत पडली, की सरकारनं मोठं काम काढायच्या आधी त्यानं हवा पाणी जंगल माणसं यांचं काय होईल ते लिहून काढायचं. तेच ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन. आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेनं ते सक्तीचं झालं, २००६ ला नवी अधिसूचना आली. पण ईआयए प्रश्न विचारतं ते प्रकल्पाला. उड्डाणपूल इथून न्यावा का तिथून हे विचारेल, पण उड्डाणपूलच का, तेवढ्या पैशात बस का नाही, हे विचारायला तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मग एसईए (धोरणात्मक पर्यावरण मूल्यमापन) निघालं, म्हणजे आराखडा कागदावर असतानाच तपासणी. युरोपियन युनियननं २००१ ला त्याचा नियम केला, आपल्याकडे धोरणांसाठी अशी सक्ती नाही.

दुसरं घर हिशेबवाल्यांचं, म्हणजे कॉस्ट बेनिफिटवाल्यांचं, ते सगळं रुपयात आणतात, फायदा वजा खर्च, झालं. त्यांच्याबद्दल पुढे एका साहेबांनी विचारलंय तिथे बोलते. तिसरं घर मोजपट्टीवाल्यांचं, निर्देशांक, क्रमवारी, डॅशबोर्ड. आणि मल्टी क्रायटेरिया म्हणजे या तिन्ही घरात येजा असलेला शेजारी. सगळं रुपयात येत नाही हे तो मान्य करतो, म्हणून प्रत्येक मुद्द्याला गुण देतो आणि वजन देतो. मुलगी बघायला गेल्यावर मामा मनातल्या मनात करतो तेच, शिक्षणाला इतके, स्वभावाला इतके. वजनं कोण ठरवतं यावर सगळा निकाल, मामानं ठरवली तर वेगळा आणि मुलीनं ठरवली तर वेगळा.

आता बरोबर कुठली. माझं मत असं की पद्धत नंतर, आधी बांध बघायचा. शेतकऱ्याच्या घरचा असशील तर बांध कोरणं तुला सांगायला नको, दरसाल नांगराचं एक तास (म्हणजे एक ओळ) शेजाऱ्याच्या बांधात, कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि काही वर्षांनी चांगला पट्टा आपल्याकडे. मूल्यमापनात हाच उद्योग उलट चालतो, बांध आत ओढून घ्यायचा, तोटा पलीकडे राहू द्यायचा आणि अलीकडे सगळं हिरवंगार दाखवायचं. हा बांध तीन ठिकाणी असतो, किती वर्षांपर्यंत मोजलं, कुठल्या गावापर्यंत मोजलं आणि कुणाकुणाला माणसात मोजलं. रिपोर्ट हातात आला की मी आधी या तीन गोष्टी शोधते, मग उरलेली तीनशे पानं.

आपल्या नाशिकचंच बघ. गंगापूर, दारणा, पालखेड ही धरणं जिल्ह्यापुरती मोजली तर यशोगाथा आहे, द्राक्षं, भाजीपाला, एमआयडीसी, शहराचं पिण्याचं पाणी. बांध पैठणपर्यंत नेला की खाली जायकवाडी दिसायला लागतं आणि त्याच्यावर जगणारा मराठवाडा. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यात समन्यायी पाणीवाटप आणलं, २०१३ ला मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, २०१४ ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश निघाला, की पावसाळा संपताना जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणातून पाणी सोडायचं. कमी पावसाच्या वर्षी त्यावरून आपल्याकडे काय होतं ते तू पेपरात वाचतोसच. मीही नाशिककर, पाणी सोडलं की माझ्याही पोटात गोळा येतो, पण धरणं बांधतानाच कुणी पैठणपर्यंत बांध धरून मोजलं असतं तर हे भांडण पन्नास वर्षांनी कोर्टात सोडवायची वेळ आली नसती असं मला वाटतं.

आणि हो, १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या विचारतातच, आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवायची ताकद काढून घ्यायची नाही. ब्रुंटलँड बाई नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या, हेही टाक, परीक्षकाला बरं वाटतं.

प्रश्न : आम्ही येवला तालुक्यात, सात एकर. सोलर पंप मिळाला, शेततळं आहे त्याला प्लॅस्टिकचा कागद टाकलाय, सगळीकडे ठिबक. भेटीला आलेले साहेब म्हणाले तुमचं शेत म्हणजे शाश्वत शेतीचं मॉडेल. पण शेजारच्या म्हाताऱ्याची विहीर पहिले होळीपर्यंत चालायची, आता संक्रांतीलाच तळ दाखवते आणि तो आमच्या तळ्याकडे बघून काहीतरी पुटपुटत जातो. आमचं काही चुकतंय का?

उत्तर : दादा, म्हाताऱ्यानं जे पुटपुटलं ते त्या साहेबांच्या रिपोर्टात यायला हवं होतं. एकेक घेऊ.

सोलर पंप. दहा टक्के तुम्ही भरायचे (अनुसूचित जाती जमातीला पाच), बाकी सरकार. हा फायदा खरा आहे, रात्रीची लाईट आणि बिबट्या हे दोन्ही ज्यानं अनुभवलंय त्याला दिवसा पाणी भरता येणं म्हणजे काय ते कळतं, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. डिझेल वाचलं, धूरही वाचला. पण डिझेल इंजिनाला एक ब्रेक होता, खिसा. इंजिन चालू असलं की तुमचं निम्मं लक्ष टाकीकडे असायचं. उन्हाला मीटर नाही, पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला काय नि दोन तास चालला काय खर्च सारखाच, मग बंद कोण करतंय. म्हणजे कार्बनच्या वहीत ही योजना पास आणि भूजलाच्या वहीत तिचं काय हे कुणी बघितलंच नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी म्हणून गाव आहे, तिथे शेतकऱ्यांनी सोलर पंपांची सोसायटी केली आणि २०१६ पासून उरलेली वीज ते ग्रीडला विकतात. आता तिथे पंप विनाकारण चालवला तर विजेचे पैसे बुडतात. यंत्र तेच, पण खिशाचा ब्रेक परत आला.

शेततळं. २०१६ ला ‘मागेल त्याला शेततळे’ आलं तेव्हा कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. आता खरं सांगा, तुमचं तळं ओढ्याच्या पाण्यानं भरतं का विहिरीतून मोटर लावून? आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दुसरंच चालतं, त्यावर अभ्यासकांनी नाशिक जिल्ह्यातही काम केलंय. विहिरीचं पाणी जमिनीखाली होतं तोवर ते तुमचं, म्हाताऱ्याचं आणि आणखी चारपाच जणांचं होतं. वर कागदात आणून ठेवलं की ते एकट्याचं झालं, आणि वर उन्हात ठेवलं म्हणून त्यातलं काही उडूनही गेलं. सरकारी नोंदीत मात्र ‘पाणीसाठा वाढला’. वाढलाच की, तुमच्या गट नंबरात.

ठिबक. यात तर दीडशे वर्षांपूर्वीचा धडा आहे. १८६५ ला जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तसा देशाचा कोळसा वाचला नाही, उलट जास्त लागला, कारण इंजिन परवडायला लागलं म्हणून जिथे तिथे इंजिन बसलं. ठिबकनं एका एकराचं पाणी नक्की वाचतं. पण ते वाचलेलं पाणी तुम्ही जमिनीत राहू दिलं का त्यावर आणखी दोन एकर द्राक्ष लावली? मला वाटतं मला उत्तर माहितीय, मीही तेच केलं असतं.

तर चूक तुमची म्हणवत नाही, तुम्ही जे मिळालं ते नीट वापरलंत. चूक अशी की तीन योजना तीन खात्यांच्या, तिन्हींची तपासणी वेगवेगळी, सोलरवाला पंप मोजतो, शेततळेवाला खड्डे मोजतो, ठिबकवाला हेक्टर मोजतो, आणि तिघांनी मिळून उपसा वाढवला का हे कुणाच्याच फॉर्ममधे नाही. जलयुक्त शिवारचं आठवा. डिसेंबर २०१४ ला सुरू झालं, २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा होता, आणि २०२० ला कॅगचा अहवाल आला की सुमारे ९,६३४ कोटी खर्चूनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही. त्यावर राजकारण झालं, होणारच, काही गावांना फायदा झाला हेही मी डोळ्यांनी बघितलंय. पण किती कामं झाली हे मोजणं आणि पाणी किती वाढलं हे मोजणं यातला फरक त्या एका अहवालानं लोकांपर्यंत नेला.

तुम्ही एक करा. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुम्ही निदान ऑक्टोबर आणि मार्चला दोरीला दगड बांधून तुमची आणि म्हाताऱ्याची अशा दोन विहिरी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा, शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहा. पाच वर्षांनी ते कॅलेंडर कुठल्याही मॉडेलच्या पाटीपेक्षा जास्त बोलेल. म्हाताऱ्यालाच दोरी धरायला बोलवा, पुटपुटणं कमी होईल.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता, कॉलेज रोडला राहतो. तुम्ही नेहमी कॉस्ट बेनिफिट अॅनालिसिसला नावं ठेवता. आम्ही आयुष्यभर तेच केलं, भावनेपेक्षा आकडे बरे नाहीत का? यापेक्षा शास्त्रीय दुसरं काय आहे?

उत्तर : साहेब, आकड्यांशी माझं भांडण नाही, व्याजाशी आहे. तुम्हाला माहीत आहे, पण बाकी वाचकांसाठी सांगते. पुढे येणारा खर्च आजच्या किमतीत आणताना आपण त्याला दरवर्षी थोडा थोडा कातरतो, त्या कातरीला डिस्काउंट रेट म्हणतात. समजा एका योजनेत तिसाव्या वर्षी गाळ काढायला किंवा जुनं बांधकाम पाडायला १ कोटी लागणार आहेत. कातर १२ टक्क्यांची लावली तर आजच्या हिशेबात तो खर्च साधारण ३ लाख ३४ हजार दिसतो, ३ टक्क्यांची लावली तर ४१ लाखांच्या वर. खर्च तोच, गाळ तोच, फक्त कागदाच्या कोपऱ्यातला एक आकडा बदलला आणि योजना नापासची पास झाली. त्या तिसाव्या वर्षी बिल भरणारी माणसं आज तिसरी-चौथीत आहेत, त्यांना मीटिंगला कुणी बोलवत नाही.

हे भांडण जगभर गाजलेलं आहे. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ ला हवामानबदलाचा अहवाल केला, त्यात सुमारे १.४ टक्के इतका कमी दर धरला आणि निष्कर्ष काढला की आत्ताच मोठा खर्च करा, ते स्वस्त पडेल. अमेरिकेतले विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना पुढे २०१८ ला नोबेल मिळालं, म्हणाले की हा दर बाजाराशी जुळत नाही, जरा जास्त धरा, आणि मग एवढी घाई दिसत नाही. दोघेही मोठे, दोघांचंही गणित बरोबर. मतभेद होता तो नातवंडांचा रुपया आपल्या रुपयाच्या किती पैसे धरायचा यावर, आणि तो प्रश्न कॅल्क्युलेटरला विचारून उपयोग नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच की आकडे द्या पण दोन-तीन दर लावून द्या, आणि देखभालीचा खर्च बांधकामाच्या शेजारच्या ओळीत लिहा, शेवटच्या परिशिष्टात नको. आपल्या शहरात टायरवर चालणाऱ्या मेट्रोची केवढी चर्चा झाली, २०२१ च्या केंद्रीय बजेटमधे तिला २,०९२ कोटींची घोषणा झाली. तेव्हा पेपरात रोज बांधकामाचा खर्च यायचा, तिकीट किती आणि दरवर्षी तोटा आला तर तो महापालिकेच्या कुठल्या खिशातून जाणार हे मी तरी एकाही चर्चेत ऐकलं नाही. त्याच वर्षी जुलैमधे महापालिकेची शहर बस सुरू झाली. बसला फीत कापण्यात मजा कमी असते, पण तोटा आहे की फायदा हे पहिल्या वर्षापासून दिसायला लागतं, मला तो बसचा मोठेपणा वाटतो.

प्रश्न : मी सिडकोत राहते, साधी गृहिणी आहे. कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हणून २०२५ च्या शेवटी एवढा गदारोळ झाला. एका झाडाच्या बदल्यात दहा लावू म्हणतात. हिशेब तर चांगला वाटतो, मग माझ्या मनाला का पटत नाही?

उत्तर : कारण ताई, तुम्ही न शिकता या शास्त्रातल्या सगळ्यात जुन्या वादात एक बाजू घेतलीय. एक गट म्हणतो की निसर्गाची संपत्ती कमी झाली आणि तेवढ्याच किमतीची दुसरी संपत्ती उभी केली, रस्ता, शाळा, पैसा, तर एकूण बेरीज सारखी, चालेल. याला सैल शाश्वतता म्हणू. दुसरा गट, त्यात हर्मन डेली हे अर्थशास्त्रज्ञ आघाडीवर, म्हणतो की काही गोष्टींना बदली नसते. मासे संपले तर होड्या वाढवून काय उपयोग. ही कडक शाश्वतता. एकास दहा हा सैल हिशेब आहे.

आणि सैल मानला तरी त्यात वेळेचा बांध आत ओढलेला आहे. वडाची सावली आज जाते, रोपाची सावली वीस-पंचवीस वर्षांनी येते, तीही जगलं तर. त्यात मधे दोन कुंभमेळे होऊन जातील. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची असं आलं. म्हणजे कायद्यालाही कळलंय की झाड हा नग नाही, त्याला वय असतं. फक्त साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपं आणि साठ वर्षं यातलं दुसरं आणायचं कुठून.

कुंभाचा मुद्दा मला वेगळ्या अंगानं महत्त्वाचा वाटतो. हा मेळा दर बारा वर्षांनी येतो, २०१५ ला झाला, आता २०२६-२७ ला. म्हणजे तपासणीची तारीख आधीच ठरलेली असलेलं एवढं मोठं सरकारी काम दुसरं सापडणार नाही. मागच्या वेळी काय बांधलं, त्यातलं आज काय वापरात आहे, काय पडून आहे, कशाची देखभाल कुणी केली, ही यादी नवा आराखडा करायच्या आधी लोकांसमोर ठेवली असती तर झाडांच्या वेळी लोक एवढे चिडले नसते. काही आठवड्यांच्या गर्दीसाठी बांधलेलं उरलेली अकरा वर्षं कोण झाडणार, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता, त्याला पदवी लागत नाही. उलट घर चालवणाऱ्या बाईला तो आधी सुचतो, लग्नाला आणलेली मोठी पातेली नंतर कुठे ठेवायची म्हणून.

प्रश्न : लासलगावजवळचा कांदा उत्पादक आहे. एकच विचारतो, सरकारचं कांद्याचं धोरण शाश्वत आहे का?

उत्तर : एकच उत्तर देते, धोरण शाश्वत असायला आधी धोरण पुढच्या हंगामापर्यंत तेच राहावं लागतं. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबर २०२४ ला किमान भावाची अट गेली आणि शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. दोन वर्षांच्या आत पाच वळणं. उन्हाळ कांदा साठवायला चाळीत टाकणारा माणूस पाच-सहा महिन्यांचा जुगार खेळतो, आणि हे वेळापत्रक बघून तो चाळ बांधायचं धाडस करेल का हे शहरातल्या भाजीच्या भावावरून मोजता येत नाही. शहरात भाव उतरला की धोरण यशस्वी, असा बांध घातलाय. पुढच्या वर्षी लागण किती घटली आणि बाहेरचं गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे गेलं का, हे बांधाच्या पलीकडे. भाव वाढल्यावर ओरडणाऱ्यात मीही असते हे कबूल करते, पाव किलो घेऊन आले होते एकदा.

प्रश्न : आमच्या ऑफिसात शाश्वत विकास ध्येयांची माहिती भरायचं काम माझ्याकडे आहे. दर तिमाहीला आकडे ‘सुधारून’ पाठवा असं तोंडी येतं. हा निर्देशांक वगैरे सगळा फार्स आहे का?

उत्तर : सगळा नाही. २०१५ ला संयुक्त राष्ट्रांनी १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं ठरवली, २०३० ची मुदत, आणि नीती आयोग २०१८ पासून राज्यांचा निर्देशांक काढतं. त्यामुळे निदान माता मृत्यू, शाळागळती, नळाचं पाणी हे एका पानावर आलं, आधी ते वेगवेगळ्या कपाटात होतं. पण चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ ला जे सांगितलं ते तुमच्या टेबलावर रोज घडतंय, मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमापाच्या कामाचं राहत नाही. संडास मोजले की संडास बांधले जातात, आत सरपण असलं तरी. तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही, तुमच्या घरी कर्जाचे हप्ते असतील. पण मूळ आकड्यांची एक प्रत तारखेसह जपून ठेवा.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. नळपाणी योजना झाली, टाकी झाली, पाणीही आलं. आता वरून पत्र आलंय की योजनेची शाश्वतता तपासा. कन्सल्टंट नेमायला पैसे नाहीत. आमचे आम्ही करू शकतो का?

उत्तर : तुम्हीच करू शकता, आणि दिंडोरीवाल्यांनी हे दुसरीकडे शिकायला जावं म्हणजे काखेत कळसा झाला. तुमच्याच तालुक्यात वाघाड धरण आहे. कालव्याच्या शेवटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोचायचंच नाही, तेव्हा बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं त्यांना जमवलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन पाणीवापर संस्था झाल्या. पाणी मोजून घ्यायचं, पैसे मोजून द्यायचे, आत कसं वाटायचं ते संस्था ठरवणार. आपल्या वाट्याचं पाणी ओढ्यात सोडून बंधारे भरले, त्यानं विहिरी जगल्या. नंतर वरचे शेतकरीही आले आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी वाटपच शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं. तिथे शाश्वततेचा अहवाल कुणी लिहिला म्हणून ते टिकलं नाही, मीटर आणि पावतीबुक होतं म्हणून टिकलं.

त्याहून जुनं बघायचं तर बागलाणात मोसम आणि आरमवरचे फड बघा. नदीवर बंधारा, खालची जमीन फडांमधे वाटलेली, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, आणि पाणी कमी दिसलं की सगळे बसून ठरवणार यंदा अमुक फड पडीक. प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पडीकही सगळ्यांच्या वाट्याला. काही शतकं चाललेली ही पद्धत आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामुदायिक व्यवस्था जगभर फिरून तपासल्या म्हणून. टिकलेल्या ठिकाणी त्यांना जे सापडलं, की हद्द स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखणदार आपल्यातला, मोडला नियम तर दंड लहानापासून सुरू, ते पाटकऱ्याला विचारलं असतं तर त्यानंही सांगितलं असतं.

आता तुमची नळयोजना. टाकी मोजू नका, ती दिसतेच आहे. एका संध्याकाळी पाणीपुरवठा समिती, पाणी सोडणारा वॉलमन आणि चार बायका बसवा, बायका नक्की, कारण नळाला किती वाजता आणि कितव्या दिवशी पाणी येतं याचं रजिस्टर त्यांच्या डोक्यात असतं. मग कागद घ्या. आकडे तुमचे टाका, मी नुसतं धरून चालते. २५० घरं. लाईटबिल महिन्याला २२ हजार, वॉलमन ८ हजार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि किरकोळ दुरुस्ती ५ हजार, आणि पाच-सहा वर्षांनी मोटर जळणारच म्हणून बाजूला टाकायचे ५ हजार, झाले ४० हजार. घरटी १६० रुपये महिना. तुमची पाणीपट्टी किती आणि वसूल किती? १०० रुपये ठेवली असेल आणि निम्मी वसूल होत असेल तर १२,५०० जमतात, महिन्याला साडेसत्तावीस हजारांचा खड्डा, आणि हा खड्डा दिसत नाही, तो थकीत लाईटबिलात साठत जातो आणि एक दिवस वायरमन येऊन कनेक्शन तोडतो. जलजीवन मिशन २०१९ ला जाहीर झालं तेव्हा माणशी रोज ५५ लिटर ठरलं, ते ५५ लिटर दहाव्या वर्षी मिळतील का ते या कागदावर कळतं.

हा झाला पैशाचा बांध. पाण्याचा बांध वेगळा, तुमची उद्भव विहीर, म्हणजे योजनेला जिथून पाणी येतं ती, मे महिन्यात किती तास चालते आणि तिच्या आसपास गेल्या पाच वर्षांत किती बोअर झाले. नगरकडच्या हिवरेबाजारला पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, एवढा पाऊस, एवढं पाणी, आधी माणसं-जनावरांचं बाजूला, उरलं त्यावर कुठलं पीक. शेतीला बोअर बंद, ऊस-केळी बंद. पोपटराव पवारांना २०२० ला पद्मश्री मिळाली. तुमच्याकडे एवढं कडक लगेच होणार नाही, द्राक्षवाले उठून जातील, मला माहितीय. पण ताळेबंद नुसता फळ्यावर लिहायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

आणि तिसरा बांध माणसांचा. वस्तीवर, मळ्यात, गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांकडे पाणी चढतं का? सरासरी काढू नका, शेवटच्या नळाला बादली किती मिनिटात भरते ते घड्याळ लावून बघा. वाघाडचं कामही शेवटच्या टोकापासूनच सुरू झालं होतं.

हे तीन कागद त्या पत्राला जोडून पाठवा, चालतील. नाही चालले तर मला कळवा. आणि वाघाडला जाणार असाल तर रब्बीच्या आवर्तनात जा, पाणी सुटलेलं असताना, उन्हाळ्यात कोरड्या पाटचाऱ्या बघून काही कळत नाही.